डाय नावाची नव्हे, चेंबरची

वाइल्डकॅट म्हणजे कारखान्यात न बनणारं काडतूस. कुणी गनस्मिथ किंवा हौशी नेमबाज बाजारातल्या काडतुसाची पितळी पुंगळी घेतो, तिचा गळा लहानमोठा करतो, खांदा पुढं सरकवतो किंवा त्याचा कोन बदलतो, आणि त्याच मापाचं चेंबर रायफलच्या बॅरलमध्ये कापून घेतो. अमेरिकेत ही परंपरा शंभर वर्षांची आहे. असं काडतूस दुकानात मिळत नाही, ते स्वतःच भरावं लागतं. झाडल्यावर पुंगळी फुगून चेंबरच्या मापाची होते. ती परत वापरायची तर दाबून किंचित लहान करावी लागते. हे काम करणारा पोलादी साचा म्हणजे रीलोडिंगची डाय. चालू काडतुसाची डाय दुकानात तयार मिळते, वाइल्डकॅटची करून घ्यावी लागते.

मी मूळचा भोसरीच्या टूलरूममधला माणूस. आता बरीच वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे, इथला नागरिक आहे, आणि हरणाच्या शिकारीमुळं या विषयात शिरलो. स्वतःसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि रेंजवरच्या मित्रांसाठी अशा डाय करून घेताना जे पक्कं झालं, ते इथं क्रमानं लिहितो. दारूची मापं या लेखात नाहीत. ती छापील पुस्तकातून आणि जाणकाराच्या देखरेखीखालीच घ्यावीत.

१. आधी पाहा, डाय खरंच करून घ्यावी लागणार आहे का

कालचं वाइल्डकॅट आज दुकानात असू शकतं. .२२-२५० हे कितीतरी वर्षं घरगुती काडतूस होतं. १९६५ मध्ये रेमिंग्टननं ते कारखान्यात आणलं. .२५-०६ चा जन्म १९२० च्या सुमाराचा, पण कारखान्याचा शिक्का बसायला १९६९ उजाडलं. .२८० अ‍ॅक्ली इम्प्रूव्हडला २००७ मध्ये सामी या अमेरिकी मानक संस्थेनं अधिकृत मापं दिली. अशा काडतुसांच्या डाय आता शेल्फवर असतात, आणि त्या करून घेतलेल्या डायच्या मानानं फार स्वस्त पडतात. शिवाय ओहायोतल्या माउंट व्हर्ननची सीएच फोर-डी ही कंपनी जुन्या आणि विचित्र काडतुसांच्या डायसाठीच ओळखली जाते. तुमचं नवं वाटणारं काडतूस कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी केलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. आधी याद्या चाळा.

२. बॅरलवर कोरलेल्या नावावर विसंबू नका

सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझ्या शेजाऱ्याकडं त्याच्या वडिलांची रायफल आली. माउझर अ‍ॅक्शन, सुंदर अक्रोडाचा दस्ता, आणि बॅरलवर नुसतं ‘.२५७ इम्प्रूव्हड’. चेंबर कापणारा गनस्मिथ केव्हाच वारलेला. शेजाऱ्यानं सरळ .२५७ अ‍ॅक्ली इम्प्रूव्हडचा तयार सेट मागवला. डायमधून काढलेल्या पुंगळ्यांवर बोल्ट बंद होईना. डाय सदोष आहे असं समजून त्यानं ती परत पाठवली. बदलून आलेल्या दुसऱ्या डायनंही तेच केलं.

डाय दोन्ही बरोबर होत्या. ‘इम्प्रूव्हड’ हे माप नव्हे. मूळ .२५७ रॉबर्ट्सचीच गोष्ट पाहा. नेड रॉबर्ट्सनं ७×५७ माउझरची पुंगळी आवळून हे काडतूस केलं तेव्हा त्याला १५ अंशांचा उताराचा खांदा हवा होता. रेमिंग्टननं १९३४ मध्ये ते बाजारात आणताना खांदा सुमारे २१ अंशांचा केला. पुढं पी. ओ. अ‍ॅक्ली या गनस्मिथनं पुंगळीचा टेपर कमी करून ४० अंशांचा खांदा लोकप्रिय केला. पण अ‍ॅक्ली एकटा नव्हता. त्या काळात गावोगावचे गनस्मिथ आपापल्या रीमरनं, म्हणजे चेंबर कापायच्या हत्यारानं, ‘सुधारित’ चेंबरं कापत होते. कुणाचा खांदा ४० अंशांचा, कुणाचा त्याहून बराच कमी. बॅरलवर नाव मात्र सगळ्यांचं एकच.

शेजाऱ्याच्या चेंबरचा खांदा ४० पेक्षा स्पष्ट कमी निघाला. त्यामुळं ४० अंशांची डाय खांद्याला नीट टेकत नव्हती, फक्त अंग आवळत होती. अंगातून आवळलेलं पितळ कुठं तरी जाणारच. ते खांद्याला पुढं ढकलतं. पुंगळी डायमधून बाहेर आली की आधीपेक्षा लांब झालेली असायची, म्हणून बोल्ट अडत होता. डाय चेंबरसाठी करायची असते. नाव फक्त बोलण्यापुरतं.

३. चेंबरचा ओतीव साचा काढा

कागदपत्र नसलेल्या रायफलला हाच पहिला उपाय. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू यासाठीच मिळतो. त्यात बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियम असतं. तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्याच्या उष्णतेतही. शिसं आणि कॅडमियम आहे हे विसरू नका: खिडक्या उघड्या ठेवा, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, नंतर हात धुवा.

चेंबर आधी पूर्ण कोरडं आणि स्वच्छ करायचं. तेलाचा पापुद्रा राहिला तर साच्यावर सुरकुती उमटते आणि ती मापात शिरते. बॅरलच्या तोंडाकडून कापडाचा बोळा सारून तो चेंबरच्या थोडा पुढं, जिथं रायफलिंगचे आटे सुरू होतात त्याच्या जरासा पलीकडं, घट्ट बसवायचा. रायफल तोंड खाली करून उभी धरायची आणि मागून नळीवाटे धातू एका दमात ओतायचा. चेंबरच्या काठापर्यंतच, वर रिसीव्हरच्या खाचांत शिरला तर साचा निघत नाही. गोठला की थोड्याच वेळात पुढून लाकडी दांडीनं हलकेच ठोकून बाहेर काढायचा.

आता धीर धरायचा. सेरोसेफ थंड होताना आधी आक्रसतो, मग हळूहळू फुगतो. ओतल्यापासून साधारण तासाभरानं तो चेंबरच्या नेमक्या मापावर येतो. पुढं कित्येक दिवस किंचित फुगतच राहतो. मापं त्या तासाच्या सुमारालाच घ्या आणि घेतल्याची वेळ कागदावर लिहा. दुसऱ्या दिवशी निवांत मोजू म्हणून ठेवलेला साचा चेंबरपेक्षा मोठं माप सांगेल.

बुडाजवळचा व्यास, खांदा सुरू होतो तिथला व्यास, गळ्याचा व्यास, गळ्याची लांबी आणि खांद्याचा कोन, एवढं तरी हवंच. व्यास मायक्रोमीटरनं घ्या. व्हर्नियर इथं कमी पडतो. कोनासाठी जवळच्या एखाद्या मशीन शॉपमध्ये प्रोफाइल प्रोजेक्टर असेल तर साचा तिथं न्या. शेजाऱ्याच्या रायफलचा निकाल त्याच पडद्यावर लागला: ४० अंशांची रेघ साच्याच्या सावलीवर ठेवली आणि दोन्हींमधून पाचरीसारखी उजेडाची फट दिसू लागली.

४. पुंगळ्या पाठवा, पण पूर्ण फुगलेल्या

डाय बनवणारे बहुतेक जण त्याच रायफलमधून झाडलेल्या तीन पुंगळ्या मागतात. शिंप्याकडं मापाचा ब्लाउज द्यावा तसंच हे. पण तो मापाचा ब्लाउज नीट बसणारा पाहिजे.

पहिल्यांदा झाडलेली पुंगळी सहसा पूर्ण भरत नाही. विशेषतः तीव्र कोनाच्या खांद्याच्या कडा गोलसर राहतात, आणि त्या गोलाईवरून केलेली डायही चुकीचीच होते. तीच पुंगळी फक्त गळा आवळून पुन्हा दोनेकदा झाडली की कडा उठून येतात. अशाच पुंगळ्या पाठवाव्यात. त्यांना कुठल्याही पूर्ण मापाच्या डायमधून काढू नये, तोंडाला पोचा नसावा, आणि इजेक्टरनं आपटून वाकलेली पुंगळी बाजूला ठेवावी.

हेही ध्यानात ठेवा की पितळ थोडं मागं येतं. झाडलेली पुंगळी चेंबरपेक्षा साधारण एक थाउनं, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागानं, लहान असते. चांगला कारागीर हा फरक धरून चालतो. तरी तुम्ही पाठवलेलं माप चेंबरचं आहे की पुंगळीचं, हे पत्रात स्पष्ट लिहा.

आणि पाठवायच्या त्या रिकाम्या पुंगळ्याच. भरलेलं काडतूस अमेरिकी टपालानं पाठवता येत नाही.

५. रीमरचं ड्रॉइंग मिळालं तर उत्तम, पण पुंगळी सोबत द्याच

नवी रायफल करून घेत असाल तर गनस्मिथकडून रीमरच्या ड्रॉइंगची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. मात्र ड्रॉइंग रीमरचं असतं, चेंबरचं नव्हे. रीमर झिजतो, त्याला धार लावली की व्यास कमी होतो. उलट बॅरल लेथवर जरा जरी हललं तर भोक रीमरपेक्षा मोठं पडतं. एकाच रीमरचं पहिलं चेंबर आणि बऱ्याच कामानंतरचं चेंबर यांत फरक असतो. डाय करणाऱ्याला ड्रॉइंग आणि पुंगळ्या दोन्ही मिळाल्या की तो एकावरून दुसऱ्याची खात्री करतो.

६. थाउचा हिशोब स्वतः समजून घ्या

आपल्याकडं फॅब्रिकेशनवाले सुतात बोलतात; इथला सगळा हिशोब थाउचा. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे २५ मायक्रॉन.

पूर्ण मापाची डाय बुडाजवळ चेंबरपेक्षा दोन ते तीन थाउ लहान असावी, खांद्याजवळ त्याहून थोडी कमी. फरक याहून कमी ठेवला तर पुंगळी काही वेळा झाडून झाली की डायमधून काढली तरी बोल्ट जड लागतो, कारण पितळ आता ताठर झालेलं असतं आणि आवळलेल्या मापावर टिकत नाही. फरक जास्त ठेवला, किंवा खांदा गरजेपेक्षा मागं ढकलला, तर दर खेपेला पितळ उगाच फुगतं-आवळतं आणि बुडाच्या थोडं वर चकचकीत कडं दिसू लागतं. ते कडं म्हणजे पुंगळी आतून पातळ होऊन तुटायला आल्याची खूण असू शकते. टोक वाकवलेली बारीक तार पुंगळीत घालून भिंतीवरून ओढली की आतली खाच बोटाला कळते. अशी पुंगळी ताबडतोब भंगारात टाकावी. ती बंदुकीत फाटली तर तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडं येऊ शकतो.

खांदा किती मागं ढकलायचा याचंही उत्तर थाउतच आहे. बोल्ट रायफलसाठी एक ते दोन थाउ पुरे. त्यासाठी डायची खोली बरोबर हवी. प्रेसमध्ये पुंगळी शेल होल्डरवर बसते आणि त्याची प्रमाण जाडी इंचाचा आठवा भाग असते. म्हणजे बुडाचा तेवढा भाग डायमध्ये जातच नाही. डाय शेल होल्डरला टेकल्यावरही खांद्याला पोचत नसेल तर तिचं बूड घासावं लागतं. वापरायचा शेल होल्डर कोणत्या कंपनीचा आहे हे कारागिराला सांगा. शक्य असेल तर तोच पाठवा.

७. गळ्याचं माप तुमच्या पितळावर ठरतं

डायचं अंग चेंबर ठरवतं, गळा मात्र तुम्ही कोणतं पितळ वापरता त्यावर आहे. इथं डोकं शांत ठेवून बेरीज करा. गोळी .२५७ इंचाची, गळ्याची भिंत १३ थाउची. दोन्ही बाजू मिळून २६ थाउ, म्हणजे भरलेल्या काडतुसाचा गळा .२८३. गोळी पकडून ठेवायला गळा त्याहून दोनेक थाउ लहान आवळायचा, म्हणजे .२८१. आता पुंगळीचा ब्रँड बदलला आणि भिंत साडेचौदा थाउची निघाली, तर भरलेला गळा .२८६ होतो, ठरलेल्या गळ्याची डाय त्याला गरजेपेक्षा जास्त आवळते.

म्हणून माझं स्पष्ट मत: वाइल्डकॅटसाठी बुशिंगची डायच करून घ्या. तिच्यात गळ्याच्या जागी बदलता येणारी पोलादी रिंग असते. पितळ बदललं की रिंग बदलायची, डाय तीच राहते. बुशिंग गळ्याचा खांद्यालगतचा थोडा भाग आवळत नाही, ही तिची मर्यादा आहे. शिकारीच्या रायफलला ती आड येत नाही.

धोका वेगळा आहे, आणि तो गांभीर्यानं घ्या. काही नेमबाज अचूकतेसाठी चेंबरचा गळा मुद्दाम अरुंद कापून घेतात. समजा तो .२८५ आहे. .२८३ च्या काडतुसाला दोन थाउ मोकळीक मिळते आणि झाडताना गळा उघडून गोळी सोडतो. .२८६ चं काडतूस त्यात जाणारच नाही, आणि .२८५ चं जोर लावून बसवलं तर गळ्याला उघडायला जागा नाही. दाब भलताच चढतो. शिवाय मोठ्या पुंगळीचा गळा आवळून लहान केला की भिंत जाड होते, आणि खांद्याच्या आतल्या कडेला पितळाचं वलय जमतं. अशा रायफलला गळे बाहेरून तासून एकसारखे करणं भागच आहे. चेंबरच्या गळ्याचं माप बॅरलवर कोरून घ्या. पुढं ती रायफल कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही.

८. गोळी बसवायची डाय विसरू नका

सगळं लक्ष आवळणाऱ्या डायकडं जातं आणि गोळी बसवणारी डाय ऐनवेळी आठवते. सुधारित पुंगळीचा खांदा मूळच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळं ती मूळ काडतुसाच्या डायमध्ये शिरत नाही. दोन्ही डाय एकाच ऑर्डरमध्ये मागवा आणि वापरणार ती गोळी नमुन्याला पाठवा. लांब, टोकदार गोळीचं टोक आतल्या दांड्याला तळाशी टेकलं तर प्रत्येक गोळी वेगळ्या खोलीवर बसते.

९. स्वतः करणार असाल तर रीमरची जोडी घ्या

लेथ आणि हात दोन्ही असलेल्यांसाठी हे आहे. चेंबरच्या रीमरनं आवळणारी डाय कापता येत नाही. ती चेंबरएवढीच होईल आणि काहीच आवळणार नाही. डायचा रीमर वेगळा, काही थाउ लहान हवा. चेंबरचा रीमर बनवून घेताना त्याच ड्रॉइंगवरून डायचाही मागवला तर दोन्ही एकमेकांशी जुळतात. ओरेगन आणि मिशिगनमध्ये हेच काम करणारे नामवंत रीमर-कारागीर आहेत. डायच्या बाहेरच्या आट्यांचं प्रमाण माप सात-अष्टमांश इंच आणि इंचाला १४ आटे. ते धरलं की कुठल्याही सर्वसाधारण प्रेसमध्ये बसते.

खरी परीक्षा हीट ट्रीटमेंटची. भट्टीतून आलेल्या जॉबचं माप सरकतं आणि आपली सगळी मोकळीक दोन-तीन थाउचीच असते. म्हणून भट्टीआधी थोडं पॉलिशिंग राखून ठेवावं, एक तुकडा चाचणीसाठी सोबत टाकावा आणि नंतर आतून लॅपिंग करून माप गाठावं. आतला पृष्ठभाग आरशासारखा हवा. एक ओरखडा राहिला तर तो प्रत्येक पुंगळीवर उमटतो. भोसरीत पंच-डायच्या कामात जे हाताला लागलं होतं ते इथं जसंच्या तसं उपयोगी पडलं, याचा मला आनंद आहे. खांद्याच्या जागी हवेसाठी बारीक भोक ठेवायलाही विसरू नका. नाहीतर वंगण तिथं कोंडतं आणि पुंगळीच्या खांद्याला पोचे पडतात.

१०. डाय आली की तीन पुंगळ्यांवर तपासा

पेटी उघडल्याबरोबर सगळ्या पुंगळ्या काढायला बसू नका. तीन घ्या. आवळण्याआधी खांद्याची उंची कंपॅरेटरनं आणि बुडाजवळचा व्यास मायक्रोमीटरनं लिहून ठेवा. वंगण लावा, कोरडी पुंगळी डायमध्ये अडकली तर ती काढायला भोक पाडून आटे कापावे लागतात. आवळल्यावर पुन्हा मोजा. मग बोल्टमधली फायरिंग पिन आणि इजेक्टर काढून ती रिकामी पुंगळी चेंबरमध्ये बसवा. बोल्टचं हँडल स्वतःच्या वजनानं खाली यायला हवं. शेवटी किंचित अडलं तरी चालेल. ओढावं लागलं तर पुंगळीला मार्करचा काळा रंग लावून पुन्हा बसवा. रंग कुठं घासला ते पाहा: बुडाजवळ घासला तर डाय रुंद आहे, खांद्यावर घासला तर डाय खांद्याला पुरेसं मागं ढकलत नाही. अशा मोजमापांसह डाय परत पाठवली तर कारागीर वाद घालत नाही.

११. कायदा

अमेरिकेत संघीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला परवाना लागत नाही. विकण्याचा धंदा करायला लागतो. राज्यांचे नियम वेगळे असतात, ते आधी पाहावेत. इथं एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या आपल्या मुलामुलींना मी आवर्जून सांगतो की तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतूस बाळगायला संघीय कायद्यानं सर्वसाधारणपणे बंदी आहे. वैध शिकार परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय कुणाची रायफल हातात घेऊ नका. भारतात तर शस्त्र अधिनियम १९५९ खाली दारूगोळा बनवायलाच परवाना हवा. हा घरच्या टेबलावरचा उद्योग तिथला नव्हे.

१२. कागद रायफलसोबत ठेवा

शेजाऱ्याच्या रायफलला आता तिची डाय आहे, आणि तिच्या पेटीत एक जाड पाकीट आहे. त्यात साच्याची मापं, डायचं ड्रॉइंग, कोणत्या पितळासाठी कोणती बुशिंग, आणि चेंबरच्या गळ्याचा व्यास एवढं लिहिलं आहे. त्याच्या वडिलांनी एवढा एक कागद ठेवला असता तर तयार सेटवर गेलेले पैसे आणि शिकारीचा एक अख्खा हंगाम वाचला असता.

तुमच्याकडं अशी रायफल असेल आणि ती करणारा गनस्मिथ अजून हयात असेल, तर त्याला आजच फोन करा आणि रीमरच्या ड्रॉइंगची प्रत मागून घ्या.